बारा पोळ्यांचा रेकॉर्ड

आपल्या होस्टेलच्या मेसमध्ये एक रेकॉर्ड आहे. कुठल्याही नोटीस बोर्डावर तो लिहिलेला नाही, पण फर्स्ट इयरच्या पोरांनासुद्धा तो माहीत असतो. एका जेवणात बारा पोळ्या! सेकंड इयरची शेवटची व्हायवा संपली त्या रात्री हा पराक्रम घडला आणि तो करणारा वीर म्हणजे अस्मादिक. मेसवाले काका शेवटी तवा बंद करून बाहेर बघायला आले होते. पोरांनी टेबलं बडवली होती. त्या रात्री मी स्वतःला फार मोठा माणूस समजत होतो.

आज त्याच बारा पोळ्यांबद्दल लिहायचंय. पण सुरुवात मेसपासून नाही, आमच्या गावापासून करावी लागेल.

माझं गाव आसेगाव, जिल्हा वाशीम. आमच्या जिल्ह्यात आसेगाव एकच नाही. रिसोड तालुक्यातलं ते आसेगाव पेन, आमचं मंगरूळपीर तालुक्यातलं. गेल्या दिवाळीत, म्हणजे २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये घरी गेलो तेव्हा सोयाबीनची मळणी सुरू होती. बाबा दिवसभर शेतात. आईनं कपडे भिजवायला काढले आणि म्हणाली, "खिसे पाह्य रे जरा सगळ्यांचे." बाबांच्या शर्टाच्या खिशात घडी घालून घालून विरलेली एक चिठ्ठी निघाली. पोळ्याच्या सुमारास शेजारच्या गावी तपासणी शिबिर झालं होतं, तिथली. जेवणानंतरची शुगर – २८६.

दोन महिने ती चिठ्ठी बाबांनी खिशात बाळगली होती. एका शर्टातून दुसऱ्या शर्टात. कुणाला काही बोलले नव्हते. माझी परीक्षा होती, सोयाबीन काढायचं होतं, हार्वेस्टरवाल्याचे पैसे द्यायचे होते... शुगरचा नंबर यादीत बराच खाली होता. मी विचारलं तर म्हणाले, "काही दुखत तं नाही नं बाबू. मंग कायले सांगू?"

हीच तर या रोगाची गंमत आहे मित्रांनो. दुखत काही नाही. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या आय.सी.एम.आर.च्या मोठ्या पाहणीनुसार आपल्या देशात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे आणि आणखी १३ कोटी ६० लाख लोक उंबरठ्यावर उभे आहेत. ही बातमी मी वाचली होती. पण या १० कोटींतला एक माणूस आपल्याच अंगणात पायावरची माती धूत बसलेला असेल, हे तेव्हा डोक्यात आलं नव्हतं. बाबा सत्तेचाळीस वर्षांचे आहेत. अंगानं काटक. पोट म्हणाल तर माझंच जास्त!

डॉक्टरांना दाखवलं, गोळ्या सुरू झाल्या. आणि मग सुरू झाला सल्ल्यांचा पाऊस. शेजारचे, पाजारचे, मामा, मावशी, सगळ्यांचं एकमत – "गहू बंद करा, ज्वारी चालू करा. शुगर पळून जाते." आईनं त्याच आठवड्याच्या बाजारातून ज्वारी आणली. विकत! आमच्या घरी ज्वारी विकत आणली जाते, हे आजीला सहन झालं नाही. ती पायली हातात घेऊन दाणे बघत राहिली.

तर बाबांचं जेवण बदललं. पूर्वी पाच पोळ्या खायचे, आता चार भाकरी. वर थोडा भात, आलू-वांग्याची भाजी. आई खूश. पाचाच्या चार झाल्या आणि गव्हाची ज्वारी झाली! मी मंगरूळपीरहून ग्लुकोमीटर घेऊन आलो. जेवणानंतर बरोब्बर दोन तासांनी बोट टोचलं. २४८. दुसऱ्या दिवशी पुन्हा तसंच काहीतरी. आई हिरमुसली. बाबा म्हणाले, "पाह्यलं? काही फरक नाही पडत."

आता मी पडलो इंजिनिअरिंगचा विद्यार्थी. (डिस्टिंक्शन नसली तरी मोजण्याची सवय लागलेली आहे.) म्हटलं, इनपुट मोजल्याशिवाय आउटपुटला दोष कसा द्यायचा? आईला न सांगता एका भाकरीच्या पिठाचा उंडा आणि एका पोळीचा उंडा मळायच्या आधीच कोरड्या पिठाच्या रूपात बाजूला काढला आणि किराणा दुकानातल्या काट्यावर नेऊन ठेवला. दुकानदार हसला. पोळीचं पीठ भरलं साधारण ३० ग्रॅम. भाकरीचं ६० ग्रॅम.

मग वहीत मांडलं. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं २०१७ साली भारतीय अन्नपदार्थांची कोष्टकं काढली आहेत. त्यांत १०० ग्रॅम कणकेत सुमारे ६४ ग्रॅम कार्बोहायड्रेट, ज्वारीत सुमारे ६८. म्हणजे पाच पोळ्या = १५० ग्रॅम कणीक = ९६ ग्रॅम कार्बोहायड्रेट. चार भाकरी = २४० ग्रॅम पीठ = १६३ ग्रॅम! पाचाच्या चार झाल्या, पण पोटात जाणारा माल दीडपटीहून जास्त झाला. आम्ही नग मोजत होतो, वजन नाही.

त्याच कोष्टकात मला आणखी एक धक्का बसला. तंतुमय पदार्थ म्हणजे फायबर ज्वारीत १०० ग्रॅमला सुमारे १०, बाजरीत साडेअकरा. आणि कणकेत? तेही अकराच्या वर! म्हणजे ज्वारी थोर आणि गहू चोर, असं काही नाही. खरा फरक कुठे पडतो तर मैद्यात आणि पांढऱ्या भातात. दोघांत फायबर जेमतेम २.८. गव्हाचा कोंडा काढला की मैदा होतो, तांदळाचा काढला की पांढरा भात होतो. मऊ पोळी व्हावी म्हणून आपल्या घरात बारीक चाळणीनं कणीक चाळतात आणि कोंडा गाईपुढे ठेवतात. गाईची तब्येत उत्तम आहे.

आता थोडं आपल्या सिलॅबसमधलं. प्रत्येक पिष्टमय पदार्थ रक्तात सारख्या वेगानं साखर सोडत नाही. हे मोजायची एक रीत १९८१ साली टोरांटोच्या डेव्हिड जेनकिन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडली – ग्लायसेमिक इंडेक्स. ज्यात ५० ग्रॅम कार्बोहायड्रेट आहेत एवढा पदार्थ माणसाला खायला द्यायचा, दोन तास रक्तातली साखर मोजत राहायचं, त्याचा ग्राफ काढायचा आणि कर्व्हखालचं क्षेत्रफळ शुद्ध ग्लुकोजच्या क्षेत्रफळाशी ताडून बघायचं. ग्लुकोज म्हणजे १००. (एम-वनमध्ये के.टी. लागलेल्यांनो, इंटिग्रेशन अखेर कुठेतरी कामाला आलं!) २००८ च्या आंतरराष्ट्रीय तक्त्यात पांढरा ब्रेड ७५, भात ७३, चपाती ५२, मसूर ३२, हरभरा २८. आणि गव्हाचा ब्राऊन ब्रेड? ७४! पांढऱ्यापेक्षा फक्त एकानं कमी. पीठ इतकं बारीक दळलेलं असतं की पोटाला काही काम उरत नाही. कँटीनमध्ये 'हेल्दी' म्हणून ब्राऊन ब्रेड सँडविच मागवणाऱ्यांनी नोंद घ्यावी.

पण इंडेक्स हा फक्त वेग सांगतो. किती माल जातोय ते ग्रॅमवर अवलंबून. म्हणून दोघांचा गुणाकार करून १०० नं भागतात, त्याला ग्लायसेमिक लोड म्हणतात. बाबांच्या ताटात वेग तितका वाईट नव्हता, लोड प्रचंड होता. आणि माझ्या त्या रेकॉर्डचा हिशोब? बारा पोळ्या म्हणजे ३६० ग्रॅम कणीक, २३० ग्रॅम कार्बोहायड्रेट. वर गुलाबजाम वेगळे. टेबल बडवण्यासारखं त्यात काय होतं, कोण जाणे.

मग आम्ही घरात एक छोटा प्रयोग केला. आईनं चाराच्या दोन भाकरी केल्या. वरण पातळ न करता घट्ट केलं, तूर घरचीच होती. आंबाडीची भाजी, काकडी, वाटीभर दही. भात बंद नाही केला, दोन घास ठेवला. आधी भाजी-काकडी आणि वरण खायचं, भाकर नंतर. जेवल्यावर खाटेवर आडवं न होता पारापर्यंत चक्कर. गोळी तीच, वेळ तीच. दोन तासांनी १९१.

एका माणसावरच्या चार रीडिंगांवरून नियम काढायचा नसतो, हे आपल्याला लॅबमध्ये शिकवलंय. पण हे आकडे एकटे नव्हते. २०२५ सालीच 'नेचर मेडिसिन'मध्ये आय.सी.एम.आर.च्या त्याच पाहणीचा आहाराबद्दलचा भाग आला. त्यात दिसलं की आपण भारतीय सुमारे ६२ टक्के ऊर्जा कार्बोहायड्रेटमधून घेतो. आणि नुसतं भाताच्या जागी गव्हाचं किंवा ज्वारी-बाजरीचं पीठ आणलं, पण एकूण कार्बोहायड्रेट तेवढेच ठेवले, तर मधुमेहाचा धोका कमी दिसत नाही. थोड्या कार्बोहायड्रेटच्या जागी डाळी, दूध-दही यांतली प्रथिनं आली की मात्र दिसतो. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या मार्गदर्शक सूचनाही तेच म्हणतात – धान्यांमधून ४५ टक्क्यांपेक्षा जास्त ऊर्जा नको. म्हणजे आमच्या घरी जे घडलं ते काही चमत्कार नव्हतं. धान्य बदलणं हा प्रश्नाचा अर्धाच भाग होता. ताट बदलणं बाकी होतं.

मी हे सगळं मोठ्या उत्साहानं आजीला सांगितलं. वर माझं भाषणही जोडलं, की पहा आजी, तुमच्या काळचं खाणं किती शास्त्रीय होतं! आजीनं माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "भाकर चांगली म्हणून नोतो खात बाप्पा. गहू भेटे नाही म्हणून खात होतो. पोळी म्हंजे सणाले."

आजीचं लग्न झालं आणि लगेच १९७२ चा दुष्काळ आला. रेशनवर अमेरिकेची लाल ज्वारी मिळायची, मिलो. तिची भाकर घशाखाली उतरत नसे, असं ती सांगते. खडी फोडायला जाताना फडक्यात एक भाकर, मिरचीचा ठेचा आणि असली तर जवसाची चटणी. दिवसभर उन्हात काम. "तवा कोणाले शुगर नोती," मी म्हणालो. "मोजत कोण होतं?" आजी म्हणाली. या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

तेव्हा 'जुनं ते सोनं' म्हणून गळा काढायला मी हा लेख लिहीत नाहीये. आजीच्या पिढीनं पोळी आणि भात मिळावा म्हणून आयुष्य काढलं. तो मिळाला. आता आमच्या रेशन कार्डावर माणशी महिन्याला ५ किलो गहू-तांदूळ मिळतात, २०२३ च्या जानेवारीपासून तेही फुकट. शेतात सोयाबीन, ते विकायचं. घरात रेशनचं धान्य, ते खायचं. मी बाबांना विचारलं होतं, आपण ज्वारी का सोडली? म्हणाले, "दाणा भरला की पाखरं, पाखरांतून उरली तं रानडुकरं. कापणीच्या वक्ती पाणी आला की दाणा काळा. कोण इकत घेते काळी ज्वारी?" त्यात भावाचा हिशोब. २०२५-२६ च्या खरिपाला संकरित ज्वारीचा हमीभाव क्विंटलला ३६९९ रुपये, सोयाबीनचा ५३२८. शेतकऱ्याला 'पौष्टिक धान्य पिकवा' म्हणणं सोपं आहे, पण घरखर्च या दोन आकड्यांत बसवायचा असतो.

आणि आपण शिकलेले लोक तरी काय करतो? २०२३ हे आंतरराष्ट्रीय पौष्टिक तृणधान्य वर्ष होतं. भारताच्या प्रस्तावावरून संयुक्त राष्ट्रांनी ते जाहीर केलं होतं. आपल्याकडेही पोस्टर स्पर्धा झाली. मी बाजरीच्या कणसाचं चित्र काढलं होतं, उत्तेजनार्थ बक्षीस मिळालं. कार्यक्रम संपल्यावर अल्पोपाहार होता – समोसा आणि कोल्ड्रिंक! बाहेरून मैदा, आतून बटाटा, सोबत साखरेचं पाणी. आम्ही सगळ्यांनी दोन-दोन समोसे हाणले. कुणालाच हसू आलं नाही.

सुट्टी संपवून परत आलो तेव्हा पहिल्यांदाच आपल्या मेसच्या ताटाकडे नीट पाहिलं. सकाळी पोहे किंवा ब्रेड. दुपारी पोळी, भात, आलूची भाजी आणि जिच्यात डाळ शोधावी लागते अशी डाळ. रात्री तेच. दोन वाजता जर्नल लिहिताना बिस्किटचा पुडा किंवा मॅगी. चतुर्थीला साबुदाण्याची खिचडी, जो जवळजवळ शुद्ध स्टार्च. १०० ग्रॅम साबुदाण्यात ८७ ग्रॅमच्या आसपास कार्बोहायड्रेट आणि प्रथिनं नावालासुद्धा नाहीत. (दाण्याचा कूट आहे म्हणून लाज राखली जाते.) एकादशी, दुप्पट खाशी! आपण म्हणतो पोट भरत नाही म्हणून पोळ्या जास्त लागतात. खरं म्हणजे ताटात डाळ-उसळ नाही म्हणून पोट भरत नाही, आणि मग पोळीवर पोळी चढत जाते. बारा पोळ्यांच्या रेकॉर्डचं गुपित हेच आहे. त्या रात्री भाजी संपली होती.

मेस कमिटीत दोघंतिघं मित्र आहेत. त्यांना घेऊन काकांकडे गेलो. काका आधी वैतागले. "भाकर रोज? दोनशे पोरांच्या भाकरी थापणाऱ्या बाया आणून दे, करतो." त्यांचंही खरं होतं. भाकर लाटत नाहीत, एकेक थापावी लागते. मग मी वहीतला हिशोब काढला आणि म्हटलं, काका, भाकर राहू द्या, पोळीच ठेवा. फक्त डाळ घट्ट करा, कणीक चाळू नका, आणि आठवड्यातून तीनदा मटकी किंवा हरभऱ्याची उसळ द्या. पैसे वाढतील म्हणाले. पोळ्या कमी लागतील, असं मी म्हणालो. "पाहू," एवढंच बोलले.

दोन महिने झाले. उसळ तीनदा नाही, दोनदा मिळते. डाळ पूर्वीपेक्षा बरी आहे, पण महिनाअखेरीस पुन्हा पातळ होते. पोह्यांवर चण्याचा रस्सा मात्र सुरू झाला आणि तो सगळ्यांना आवडला. नागपूरकडच्या पोरांना तर तर्री-पोहे मिळाल्याचा आनंद झाला. गंमत म्हणजे त्यांच्याकडची ही जोडी मुळातच शहाणी आहे. पोह्यांबरोबर हरभरा, भाताबरोबर वरण. धान्यात जे लायसिन कमी असतं ते डाळीत असतं आणि डाळीत जे कमी ते धान्यात. हे ठाऊक नसतानाही कुणीतरी ते एका ताटात वाढून ठेवलंय. आपण फक्त त्यातली एक बाजू वाढवत नेली आणि दुसरी पातळ करत आणली.

मित्रांनो, मी डॉक्टर नाही. ज्यांच्या घरी शुगर आहे त्यांनी गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय कमी करू नये, माझा लेख वाचून तर मुळीच नाही. पण आपल्याला विशीत जमेल एवढं सांगतो. पोळी मोजू नका, ताट पहा. ताटात अर्धं पोळी-भात सोडून दुसरं काही आहे का? नसेल तर मेसमध्ये मागा, भांडा, नाहीतर मुठभर फुटाणे खिशात ठेवा. रात्री बिस्किटाऐवजी तेच खा, स्वस्तही पडतात. मैदा रोजचा नको. कोल्ड्रिंक पिऊन पी.एल.मध्ये अभ्यास जास्त होतो, हा गैरसमज आहे. मी दोन सेमिस्टर प्रयोग करून पाहिलाय, निकाल नोटीस बोर्डावर आहे. जेवल्यावर होस्टेलला एक चक्कर मारा. आणि पुढच्या सुट्टीत घरी गेलात की आई-बाबांना एकदा रक्त तपासायला घेऊन जा. दुखत नाही म्हणून कुणी सांगणार नाही. खिशातल्या चिठ्ठ्या आपोआप बाहेर येत नाहीत.

जानेवारीत बाबांची तीन महिन्यांची तपासणी झाली. आकडा खाली आलाय. हवा तेवढा नाही, पण दिशा बरोबर आहे असं डॉक्टर म्हणाले. गोळ्या चालूच राहतील. आणि एक बातमी त्यांनी फोनवर हळूच सांगितली. दिवाळीनंतर सोयाबीन निघालेल्या तुकड्यात विहिरीजवळ त्यांनी थोडी ज्वारी टाकली होती. कुणाला न सांगता, त्यांच्या सवयीप्रमाणे!

"कशी आहे?" मी विचारलं.

"अर्धी पाखरायनं खाल्ली," बाबा म्हणाले. "उरलेल्यात तुया आजीनं हुरडा खाल्ला. तुले यायचं असन तं लवकर ये."

(तृतीय वर्ष, यंत्र अभियांत्रिकी)